उधाणाचा पाय

रंगारी तिसऱ्यांदा परत आला तेव्हा पायवालीला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

पायवाली म्हणजे लाकडाचे, फायबरचे, रबराचे पाय बनवणारी बाई. दारावरच्या पाटीवर तिचं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण! इस्पितळाच्या मागच्या गल्लीत तिची कार्यशाळा होती. बाहेर लांब बाक, आत प्लास्टरची पिंपं आणि भिंतीला ओळीनं टांगलेले पाय. अठरा वर्षं हेच काम केल्यामुळे समोरून कुणी आलं की ती आधी खाली बघायची, मग वर. तिनं माप घेतलं की पाय पहिल्या फटक्यात बसायचा, अशी तिची ख्याती. आणि हा रंगारी! जहाजांच्या पोटांना रंग देणारा माणूस. परांचीवरून पडला, जखम चिघळली, आणि आठ महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साधं, सरळ काम. पण पाय काही केल्या बसेना.

"बाई, पुन्हा तुमचे पाय धरायला आलो," रंगारी कुबड्या भिंतीला टेकवत म्हणाला. "माझा एक घरीच राहिला, म्हणून तुमचेच धरतो."

"आता काय झालं? मागल्या आठवड्यात तर ढिला होतो म्हणून आत फडकं कोंबून गेलात."

"आज आत जात नाही."

तिनं त्याच्या गुडघ्याखाली उरलेल्या खुंटाभोवती टेप गुंडाळली. पुन्हा गुंडाळली. दीड सेंटिमीटर वाढ होती. खुंट सुजतात, उतरतात, हे तिला नवं नव्हतं. पण सुजलेला खुंट गरम लागतो. हा गार होता. नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा गार.

"बसा जरा," ती म्हणाली. "सूज उतरली की नवा साचा घेते."

रंगारी बाकावर बसला. तिनं दुसऱ्या कुणासाठी चाललेल्या लाकडी पायाच्या टाचेवर कानस चालवायला घेतली. बारा वाजायला दहाएक मिनिटं असतील. रंगाऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खाली वाकून डाव्या पँटची मोकळी लोंबणारी नळी व्यवस्थित दुमडली. एक घडी, दोन घड्या, गुडघ्यापर्यंत.

"हे कशाला?"

रंगारी ओशाळला. "भिजू नये म्हणून."

पायवालीनं कानस खाली ठेवली. गेलेला अवयव दुखतो, खाजतो, वळतो, हे तिनं शेकडो लोकांकडून ऐकलं होतं. भिजतो हे कुणी म्हटलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दोनेक महिने झाले असतील पाय जाऊन, तेव्हापासून. रोज नाही. पौर्णिमा आली की. आधी टाचेला लागतं पाणी, मग घोट्याला. मग असं पिंडरीपर्यंत चढतं. तास-दीड तास राहतं आणि उतरतं." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या दंडावर काटा उभा राहिला. "आलं बघा."

तिनं त्याच्या खुंटावर हात ठेवला. कातडीवर बारीक शहारा उठला होता, आणि गारवा तिच्या तळहाताखाली वर सरकत होता. उजवा पाय मात्र चांगला उबदार.

"वाळू सरकतेय पायाखालची," रंगारी हळूच म्हणाला. "तुम्हाला वाटेल म्हण आहे. म्हण नाही. खरंच सरकतेय. आणि करंगळीला काहीतरी चावतंय. बारीक. नेहमीचंच आहे ते, घाबरू नका."

घाबरू नका म्हणणारा तो आणि घाबरलेली ती. बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं रणरणत होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांना तिनं त्याच संध्याकाळी गाठलं. ते भले गृहस्थ, हात धुता धुता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाय गेला तरी डोक्यातला पाय जात नाही," ते म्हणाले. "नसा कांगावा करतात."

"आणि पौर्णिमा?"

"अहो, चंद्राला समुद्र हलवता येतो, कपातला चहा हलवता येत नाही. माणूस म्हणजे कपभर चहाच." ते हसले. ती पण हसली. घरी जाईपर्यंत तिला ते पटलेलंही होतं.

पण दोन दिवसांनी रंगाऱ्याची बायको आली. एकटीच. बाकाच्या कडेला बसली आणि पदराच्या टोकाला पीळ देत राहिली.

"बाई, पौर्णिमा जवळ आली की मी दाराशीच अंथरूण घालते," ती म्हणाली. "मध्यरात्री हे उठतात. कुबड्या घेत नाहीत. भिंतीला धरून एका पायावर उड्या मारत खाडीकडे निघतात. शेजारी म्हणतात, चंद्रानं डोकं फिरलंय. परवा मी वाट अडवली तर म्हणाले, बाजूला हो, मी तिकडे अर्धा उभाच आहे. अर्धा उभा म्हणजे काय हो, बाई?"

पायवालीनं एक वही घातली. रंगाऱ्याला सांगितलं, पाणी लागलं की वेळ सांगायची, मग पौर्णिमा असो नसो. त्यानं इमानेइतबारे सांगितली. पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस, दुपारी बाराच्या सुमाराला सुरुवात आणि रोज पाऊण-पाऊण तास उशीर. मग आठ-दहा दिवस कोरडे. तिला वाटलं, झालं, आता पुढची पौर्णिमा. तर अमावस्येला पुन्हा! आकाशात चंद्राचा पत्ता नाही आणि इकडे रंगारी पँट दुमडून बसलेला.

"मला वाटायचं उजेडाचा काही संबंध असेल," तो म्हणाला. "अमावस्येला लागायचं तेव्हा वाटायचं, मनाचे खेळ."

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. पायवालीचा नवरा खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या कचेरीत तिकिटं फाडायचा. पाणी कधी चढणार, कधी उतरणार, याचं छापील कोष्टक त्यांच्या चुलीशेजारच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं असे. तिनं त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती आणि डोळे सहज त्या आकड्यांवर गेले.

दूध उतू गेलं.

"अहो," तिनं हाक मारली. "उधाण म्हणजे नक्की कधी?"

"पौर्णिमा नि अमावस्या," नवरा आतून म्हणाला. "तेव्हा चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. दुपारी बाराच्या पुढेमागे भरती, सकाळी सहाला ओहोटी. बांधाखालचे दगड एरवी कोरडे असतात ना, ते फक्त उधाणाच्या भरतीला भिजतात. का गं?"

ती वही घेऊन आली आणि कोष्टकाला लावून धरली. नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वेळा जुळत होत्या. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे, एवढंच.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं. "बांधावर कुणी बसवलाय का माणूस?"

"माणूस नाही," ती म्हणाली. "पाय आहे."

कापलेले अवयव इस्पितळाच्या भट्टीत जाळतात, असं सगळ्यांना ठाऊक होतं. पायवालीनं भट्टीवरच्या जुन्या जमादाराचं घर शोधून काढलं. तो आता निवृत्त होऊन ओट्यावर ऊन खात बसायचा. तिनं रंगाऱ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली. जमादारानं मान खाली घातली.

"ताई, भट्टी तेव्हा बंद होती," तो म्हणाला. "सात महिने. वरच्यांना सांगून सांगून थकलो. सगळं गाडीत भरून ठेकेदार न्यायचा. मी एकदा मागोमाग गेलो. खाडीच्या पलीकडे, जुन्या बांधाखाली. पोत्यात दगड घालून टाकायचा." त्यानं मान वर केली. "मला वाटलं, गेल्या पायाला काय कळतंय."

बांधाच्या पायथ्याशी उभं राहायला जागा मिळते ती उधाणाच्या ओहोटीलाच, म्हणून पुढच्या पौर्णिमेच्या पहाटे चौघं निघाली. पायवाली, तिचा नवरा, रंगारी आणि त्याची बायको. पाणी इतकं दूर गेलं होतं की खाडीचा तळ नांगरलेल्या शेतासारखा उघडा पडला होता. समोर चंद्र मावळायला टेकला होता, मोठा, पिवळट, आणि पाठीमागून उजाडत होतं. रंगाऱ्याला बांधावर बसवलं. चिखलात कुबड्या रुततात. नवऱ्यानं फावडं चालवलं, दोघी बायका हातांनी गाळ चाचपत होत्या.

बऱ्याच वेळानं दगडांच्या सांदीत कुजलेलं पोतं लागलं. आत फाटकी पिशवी, पट्टीचे धागे, आणि हाडं.

इथं पायवालीचं काम होतं. तिनं ती ओंजळीत घेतली. डावा पाय, हे बघताक्षणीच कळलं. पण टाचेचं हाड तिला लहान वाटलं. रंगारी नऊ नंबरचा बूट घालायचा. हे हाड सातच्या पायाचं होतं, फार तर साडेसातच्या. तिनं वर पाहिलं. बांधावर रंगारी तोंडावर हात धरून रडत होता आणि त्याची बायको त्याच्या पाठीवरून चिखलाचे हात फिरवत होती. "सापडला ना? बाई, सापडला ना?" बायको विचारत होती.

"सापडला," पायवाली म्हणाली. पाण्यानं आक्रसला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. हाडं पाण्यानं आक्रसत नाहीत हे तिच्याइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं ती हाडं आपल्या ओढणीनं पुसली. एकेक बोट सुटं करून, मधला गाळ काढून. मग चौघं टेकडीवर गेली. वर, जिथं पाणी म्हणून ठाऊक नाही अशा कोरड्या जागी, एका झाडाखाली खड्डा करून पाय ठेवला. रंगाऱ्यानं स्वतः माती लोटली. खाली उतरताना तो जवळजवळ गात होता. "आता नाचायलासुद्धा एका पायावर तयार आहे मी," तो म्हणाला, आणि सगळी हसली.

त्याच दुपारी चौघं कार्यशाळेत जमली. कुणी बोलावलं नव्हतं, पण जमली. पँटची नळी सरळ लोंबत होती, बायकोनं मुद्दाम इस्त्री करून दिली होती. बारा वाजले. सव्वाबारा झाले. रंगारी बायकोकडे बघून हसला. पायवालीचा नवरा हळूच म्हणाला, "एव्हाना पाणी बांधाला लागलं असेल."

रंगाऱ्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग तो वाकला आणि कुणाकडे न बघता त्यानं पँट दुमडायला सुरुवात केली. एक घडी. दुसरी घडी.

बायको उठून बाहेर बाकावर जाऊन बसली.

त्या रात्री पायवाली वहीत सात आणि नऊ हे आकडे गिरवत बसली. सातचा पाय, हे तिला दिसलं होतं. तोंड उघडलं असतं तर निदान आणखी तासभर शोधता आलं असतं. पण मग तो पाय होता कुणाचा?

ते तिसऱ्या दिवशी कळलं. इस्त्रीवाली मावशी दारात उभी राहिली. दिवसभर उभं राहून लोकांचे कपडे इस्त्री करणारी, खमकी, जिभेला हाड नसलेली बाई. साखरेपायी वर्षभरापूर्वी तिचा डावा पाय गेला होता. तिला पायवालीनंच पाय करून दिला होता, सात नंबरचा, आणि तिनं एकदाही तक्रार केली नव्हती.

"खुंट बसतो ती वाटी ढिली झालीय गं," मावशी म्हणाली आणि बाकावर बसली. "सूज म्हणून राहिली नाही बघ. आणि तुला हसू आलं तर हस, पण माझा पाय वाळला."

पायवालीच्या हातातली टेप खाली पडली.

"कुणाला बोलले नाही मी," मावशी सांगू लागली. "म्हणतील, म्हातारी चळली. महिन्यातून दोनदा भिजायचा मेला. मी इकडे तापलेली इस्त्री धरून उभी आणि पाय थंडगार पाण्यात! तर मंगळवारी सकाळी, नुकतं उजाडत होतं, कुणीतरी माझा पाय हातात घेतला. दोन्ही हातांनी, असा." तिनं ओंजळ करून दाखवली. "आणि पुसला. बोटाबोटांतून पुसला. माझ्या आईनंतर कुणी माझा पाय पुसला नव्हता गं." मावशीनं नाक ओढलं. "तेव्हापासून नुसता मातीचा वास. कोरड्या मातीचा."

पायवालीनं तिला सगळं सांगितलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "मला तिथं ने."

टेकडी चढायला त्यांना तासभर लागला. रंगारीही आला होता. झाडाखाली माती अजून ताजी दिसत होती. मावशी काठी टेकत पुढे गेली, इकडेतिकडे बघत त्या जागेवर उभी राहिली, आणि एकदम किंचाळली.

"अगं बाई! कोण उभं राहिलंय माझ्या पायावर?"

तिथं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मावशीनं खाली पाहिलं. हळूच एक पाऊल मागे घेतलं, आणि तिचा चेहरा निवळला. पुन्हा पुढे टाकलं. पुन्हा कळवळली. "मीच!" ती म्हणाली. "मीच की गं मेली!" आणि खो खो हसायला लागली. रंगाऱ्यालाही हसू आवरेना. पायवाली मात्र झाडाला धरून उभी राहिली.

खाली उतरताना तिनं रंगाऱ्याला गाठलं. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "हाड तुमच्या मापाचं नव्हतं. मी बोलले नाही."

रंगाऱ्यानं कुबडी एका दगडावरून पलीकडे टाकली. "तुम्ही बोलला असतात तर मावशींचा पाय पुन्हा चिखलात टाकला असता का आपण?" तो म्हणाला. "मग झालं तर. पुढल्या उधाणाला जाऊ."

ते गेले. अमावस्येला गेले, पौर्णिमेला गेले. इस्पितळाला पायवालीनं लेखी कळवलं, त्यावर चौकशी बसली, आणि चौकशा बसतात तशी ती बसूनच राहिली. पण जमादार मात्र उठला. तो फावडं घेऊन आला आणि शेवटपर्यंत येत राहिला. सहा महिन्यांत टेकडीवर दहा खड्डे झाले. दर खेपेनंतर आठवड्याभरात कुणी ना कुणी कार्यशाळेच्या दारात येई. कधी एखादा ट्रकवाला, कधी शाळेची बाई, एकदा दोन बोटं गेलेला सुतार. सगळे आधी इकडचं तिकडचं बोलत आणि मग मान खाली घालून म्हणत, "बाई, हसू नका, पण…" ती हसत नसे.

रंगाऱ्याचा पाय सापडला नाही.

पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी तो आला आणि पाय मागितला. तिनं खुंटाचं माप घेतलं. एकतीस सेंटिमीटर. आठवड्यानं, ऐन पौर्णिमेला, पुन्हा घेतलं. एकतीस. वाटी एकदम फिट्ट बसली. दुपारचे बारा वाजून गेले, पँट सरळ होती.

"वाळला?" तिनं श्वास रोखून विचारलं.

"नाही," रंगारी म्हणाला. "आता उतरतच नाही पाणी. पुरात पोतं वाहून गेलं असेल. तिकडे भरती नाही की ओहोटी नाही. चंद्राचा हात तिथवर पोचत नाही, बाई." तो नव्या पायावर उभा राहिला, कुबड्यांशिवाय, पहिल्यांदाच. "रात्री शांत झोपतो मी. बायकोला विचारा."

"दुखतं?"

"नाही." त्यानं विचार केला. तिच्यापासून लपवावं की काय, असं क्षणभर त्याला वाटलेलं दिसलं. "पण तिकडे तो पडलेला नाही आता. उभा आहे. तळवा टेकलाय. कालपासून वजन पडतंय त्याच्यावर."

"कुणाचं वजन?"

"ते नाही कळत," रंगारी म्हणाला. "माझं तर नाही. माझं इथं आहे."

तिनं त्याला खोलीच्या टोकापर्यंत चालायला सांगितलं, सगळ्यांना सांगायची तसं. तो चालला. चाल सुंदर होती, अठरा वर्षांत तिनं इतकी चांगली चाल पाहिली नव्हती. भिंतीपाशी पोचून तो थांबला. वळला नाही. डावा हात त्यानं हळूच भिंतीवर टेकला, तोल जाणारा माणूस टेकतो तसा.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तो चालायला लागला."